मदत हवी आहे: बजेट गेमिंग पीसीसाठी एसएमपीएस ४५० वॅटचा की ५५०? घरी व्होल्टेजचा त्रास आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी पीसी जुळवतेय. बारावी झाली त्याची, गेम खेळायचेत आणि ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअरही शिकायचंय. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड एवढं ठरलंय. अडलंय ते एसएमपीएसपाशी, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी.

आमचं गाव बार्शीजवळ. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर १७५-१८० दिसतं. लाइट गेली की परत येताना दोन-तीनदा उघडझाप करते. भावाने सुट्टीत काम करून कार्डाचे पैसे जमवलेत, त्यामुळे ते जळू नये एवढीच माझी काळजी आहे.

दुकानदार म्हणतो, कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस फुकट येतोय, वर आणखी चार हजार कशाला घालता? तो मी हातात घेऊन पाहिला. वजनाला अगदी हलका, मागे ११५/२३० चा लाल स्विच, वायरी बारीक. कार्डाला लागणारी ८ पिनची वायर तर नाहीच. म्हणे मोलेक्सला (जुन्या पद्धतीच्या ४ पिनच्या वायरीला) कन्व्हर्टर लावून देतो. स्टिकरवर ५०० वॅट ठळक छापलंय, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर ज्या लाइनवर चालतात तिथे १९२ वॅटच मिळणार.

माझा हिशोब असा: कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५० धरले. एकूण २६० च्या आसपास. मग चांगल्या कंपनीचा ४५० पुरेल, की ५५० च घ्यावा? कोर्सेअर सीएक्स५५०, डीपकूल पीके५५०डी आणि कूलर मास्टर एमडब्ल्यूई ५५० ब्रॉन्झ व्ही२ ही नावं डोळ्यासमोर आहेत. ब्रॉन्झऐवजी गोल्ड घेतला तर कमी व्होल्टेजमध्ये फायदा होतो का? घरात ६०० व्हीएचा जुना यूपीएस पडलाय, तो चालेल का?

आणखी एक. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. हा एसएमपीएसचा दोष समजायचा का?

प्रतिसाद १

ताई, फुकटचा अजिबात घेऊ नका, आणि मोलेक्स कन्व्हर्टरला तर साफ नाही म्हणा. ८ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. मोलेक्सच्या पिना सैल बसल्या की तापतात आणि प्लास्टिक वितळतं. तो लाल स्विच तुम्ही बरोबर हेरलात. आत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) नसलेल्या जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसवर तो असतो. चुकून ११५ वर सरकला आणि २३० मिळाले की खेळ संपला.

हिशोब योग्य आहे. आरएक्स ६६०० साठी एएमडीही ४५० वॅटच सुचवते. तरी ५५० घ्या. कार्ड क्षणभरासाठी छापील आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, आणि दोन-तीन वर्षांनी भाऊ मोठं कार्ड मागणारच.

गोल्डचा व्होल्टेजशी संबंध नाही. ८० प्लसचा बिल्ला फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. अर्ध्या लोडला ब्रॉन्झ साधारण ८५ टक्के, गोल्ड ९०. तुमच्या २६० वॅटवर फरक पडला तर पंधरा-सतरा वॅटचा. तेवढ्यासाठी जादा पैसे घालू नका.

तुमच्या गावासाठी खरी पाहायची गोष्ट स्टिकरवर असते: इनपुट. काहींवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर २००-२४०. एकाच वॅटचे, एकाच ब्रॉन्झचे असले तरी हा फरक सापडतो. तुमच्याकडे १७५ दिसत असेल तर २००-२४० वाला घेऊच नका. खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका, दुकानात डब्यावरचं स्टिकर वाचूनच पैसे द्या.

यूपीएसवर व्हीए नाही, वॅट बघा. ६०० व्हीएचे बहुतेक ३६० वॅटचे असतात. पीसी भिंतीतून ३०५ च्या आसपास घेईल, वर मॉनिटर. जुन्या बॅटरीवर लाइट जाताक्षणी बंद पडेल. १००० व्हीए, ६०० वॅटचा बघा.

झिणझिण्यांचं मात्र आधी मनावर घ्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज येऊन बसतं, एसएमपीएस कितीही भारी असला तरी. मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. आणि सॉकेटमध्ये न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडायची 'युक्ती' कुणी सांगितली तर करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की सगळी बॉडी फेजवर येते, माणूस जातो त्यात.

प्रतिसाद २

दादांशी सहमत. घरात इन्व्हर्टर असेल आणि पीसी त्यावर घेणार असाल, तर मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर ठेवा. 'नॉर्मल' मोडमध्ये तो बॅटरीवर जायला वेळ लावतो, तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेजारच्या काकांचा मल्टीमीटर आणून मोजलं. फेज-न्यूट्रल २०८, फेज-अर्थ ९० च्या आसपास, आणि आकडा सारखा हलतोय. बोर्ड उघडला तर अर्थच्या पिनला वायरच नव्हती. घराबाहेरही अर्थिंगचा खड्डा कुठे दिसत नाही, आजोबांच्या काळचं वायरिंग आहे. वायरमनला बोलावलंय. काम होईपर्यंत जुना कॉम्प्युटर बंद ठेवतेय, आणि दुकानदाराकडून तिन्ही एसएमपीएसच्या स्टिकरचे फोटो मागवलेत.

आमच्याकडे काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात. अर्थिंगला तांब्याची प्लेट घालावी की जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप पुरेल? खड्ड्यात मीठ-कोळसा घालावा की तयार पावडर मिळते ती? कुणी अशा जमिनीत केलं असेल तर सांगा, वायरमन रविवारी येतोय.