भावाला ४४व्या वर्षी अटॅक, मला आमवात. हात दुखतात त्याचा छातीशी काय संबंध?

भाकरीवाली, सोलापूर
नमस्कार. वय ४६. कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे, हाताखाली पाच बायका. गड्ड्याच्या जत्रेत तर रात्री बारापर्यंत चूल विझत नाही.

दिवाळीच्या तोंडावर धाकट्या भावाला अटॅक आला. वय ४४, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माळकरी माणूस, विडी नाही, दारू नाही. महिनाभर आधीच कोलेस्टेरॉल तपासलेलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, सगळे ठीक म्हणाले. एक स्टेंट पडला. मग डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए बघायला लावलं, ते ११२ निघालं. "हे घराण्यातून येतं" म्हणाले. आमचे वडील ४९व्या वर्षी मागावरच गेले. मे महिना होता, सगळ्यांनी ऊन लागलं म्हणून सोडून दिलं. आता शंका येते.

त्यानंतर घरात नुसती पळापळ. भावाचा १९ वर्षांचा पोरगा, माझा २२ चा, दोन चुलतभाऊ, सगळ्यांचे ईसीजी झाले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. डबे तेवढे मी पोचवले.

मला चार वर्षं आमवात आहे, रक्तात आरए फॅक्टर निघालाय. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापायला दुसरीला बसवते. आठवड्याला आमवाताचं मेथोट्रेक्सेट घेते, आणि ऑर्डर मोठी असली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी, डायक्लोफेनॅक. परवा कुणीतरी म्हणालं, आमवात हृदयालाही धरतो. खरं का?

दत्ता, बार्शी
ताई, आमचे आजोबा रोज वाटीभर तूप खाऊन ९१ वर्षं जगले. हे कोलेस्टेरॉल-बिलेस्टेरॉल सगळं खूळ आहे. उपाशीपोटी लसूण खा, पहाटे चाला.

जुना पॅथॉलॉजिस्ट
दत्ताभाऊ, आजोबांना तूप पचलं ते बहुधा जनुकांच्या कृपेने. ताईंच्या घरात तेच उलटं फिरलंय. पहाटे चालणं चांगलंच, पण त्याने हा आकडा हलत नाही.

ताई, लायपोप्रोटीन-ए म्हणजे एलडीएलसारखाच कण, त्याला एका जादा प्रथिनाची शेपटी. तो किती बनणार हे मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक ठरवतं. पाचेक वर्षांच्या वयात जी पातळी येते, तीच साधारण जन्मभर राहते. म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर जोखीम धरतात. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हे येतच नाही, भावाचा रिपोर्ट 'ठीक' दिसला तो त्यामुळे. आई किंवा वडील, कुणाकडूनही ते उतरू शकतं, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. पोरांच्या ईसीजीतून यातलं काही कळत नाही. ईसीजी आजचं सांगतो.

आता हात आणि छाती. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते, पण ती सूज बोटांत थांबत नाही, रक्तातून सगळीकडे फिरते. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरलं की मॅक्रोफेज नावाच्या पेशी ते गिळून गिळून फेसाळ होतात आणि तिथे थर साचतो. सूज धगधगत राहिली की थरावरचा पापुद्रा फाटतो, वर रक्त गोठतं, आणि अटॅक येतो. २०१७ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. अटॅक येऊन गेलेल्यांना इंटरल्यूकिन-१ बीटा हे सूज पेटवणारं प्रथिन अडवणारं इंजेक्शन दिलं. ते कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, तरी पुढचे अटॅक, स्ट्रोक, हृदयमृत्यू मिळून सुमारे १५ टक्के घटले. जंतुसंसर्गाने दगावणारे मात्र वाढले, आणि ते हृदयासाठी रुळलं नाही.

आमवात असला की हृदयाची जोखीम साधारण दीडपट धरतात. तुमच्याकडे शिवाय वडील आणि भाऊ, दोघंही ५५ च्या आत. पोरांच्या आधी तुमचा नंबर लागायला हवा होता.

आणखी एक. आमवात भडकलेला असताना कोलेस्टेरॉल उलट कमी दिसतं, त्यावर विसंबू नका. सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज दाखवणारा आकडा, तर सांध्यांमुळेच वाढलेला असणार. डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका, त्याने अटॅकचा धोका वाढतो. दुखलं तर तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांना विचारा. मेथोट्रेक्सेट मनाने सोडू नका, आग आटोक्यात राहणं हृदयाच्याही फायद्याचं. तंबाखू?

भाकरीवाली, सोलापूर
तंबाखू नाही सर. मिश्री लावते, दिवसातून तीनदा. ती धरायची का?

जुना पॅथॉलॉजिस्ट
मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच ना ताई.

पंढरपूरकर
मला सोरायसिस आहे, वीस वर्षं. कोपर-गुडघ्यांवर मलम चोळण्यापलीकडे कुणी बघितलं नव्हतं. मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी पहिल्यांदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल एकत्र मांडून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू केलं. कातडीच्या आजारातही हीच सूज असते म्हणाले. लायपोप्रोटीन-ए स्टॅटिनने उतरत नाही, पण बाकीचं ओझं कमी होतं.

भाकरीवाली, सोलापूर
तीन आठवड्यांनी लिहितेय. सात रस्त्याजवळ रक्त दिलं. या वेळी १७ वर्षांच्या लेकीलाही नेलं, ती ईसीजीच्या यादीत नव्हतीच. माझं ८६, लेकीचं ८१. ज्या पोराचा ईसीजी दोनदा काढला, त्याचं १४.

मला स्टॅटिनची गोळी सुरू झाली. लेकीला औषध नाही, बाकी सगळं सांभाळायचं आणि दरवर्षी कोलेस्टेरॉल बघायचं. सांध्यांच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट वाढवलंय, मूठ आता अर्ध्या तासात वळते. डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी मेडिकलवाल्याने परत घेतली नाही, ती कचऱ्यात टाकली.

मिश्रीची डबी अजून फळीवरच आहे. खोटं कशाला बोलू.