मदत हवी आहे : शेगडीची ज्योत पिवळी, टोपांची बुडं काळी

कुडाळकर_७ : दोन दिवस झाले, शेगडीची ज्योत पिवळी येतेय आणि टोपांची बुडं काळीकुट्ट. बर्नर घासून झाले, जेटला (गॅस सुटतो त्या बारीक भोकाला) पिन मारून झाली, रेग्युलेटर बदलून झाला. चतुर्थीला माणसं यायची आहेत, तेव्हा लवकर सांगा. सिलेंडरच खराब आला असेल का?

खाडीकाठ : एक बर्नर की दोन्ही? सिलेंडर घरगुती १४.२ किलोचा की १९ किलोचा? शेगडी किती जुनी?

मीठभाकर : किनाऱ्याला असं होतंच. खाऱ्या हवेतल्या मिठाचं सोडियम ज्योतीला पिवळा-नारिंगी रंग देतं. दुर्लक्ष करा.

खाडीकाठ : मीठभाकर, सोडियमनं रंग येतो, काजळी नाही. शंका असेल तर स्टीलचा स्वच्छ चमचा ज्योतीच्या टोकात क्षणभर धरायचा. काळा झाला तर तो पिवळेपणा न जळलेल्या, तापून चमकणाऱ्या कार्बनच्या कणांचा. इथे टोपच काळे झालेत, चमचा कशाला?

मीठभाकर : रंगाचं विचारलं, रंगाचं सांगितलं.

झारीनळी : काजळी म्हणजे हवा कमी. सिलेंडरच्या गॅसमधला एक लिटर प्रोपेन पुरता जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते, त्यातल्याच ब्युटेनला ३१. त्यातली बरीचशी जेटजवळच्या भोकांतून आधीच ओढली जाते. पावसाळ्यात तिथे कोळी जाळं करतो. बर्नर उचलून नळीतून बाटली धुवायचा बारीक ब्रश फिरवा. हवेची झडप असेल तर पूर्ण उघडा.

राखरांगोळी : काळी बुडं राख आणि नारळाच्या सोडणानं घासा. पुढच्या वेळी टोप ठेवण्याआधी बाहेरून ओल्या राखेचा लेप द्या, काजळी लेपासकट निघते.

कुडाळकर_७ : बुडं कशी घासायची ते विचारलेलं नाही. कोळी-बिळी काही नाही. दोन्ही बर्नर तसेच. सिलेंडर घरचा. शेगडी दहा वर्षं बिनतक्रार चालली.

खाडीकाठ : दहा वर्षं याच गॅसवर?

कुडाळकर_७ : नाही हो, गोबरगॅसवर. गुरं कमी केली, गॅस पुरेना, म्हणून परवा सिलेंडर जोडला. गॅस तो गॅस.

वेतोबाचो_भगत : अरे म्हाराजा, ह्यां पयलां सांगूक नको?

झारीनळी : आधी रेग्युलेटर बंद करा, मग पुढचं वाचा.

गोबरगॅसमध्ये मिथेन ५५-६५ टक्के, उरलेला बहुतेक न जळणारा कार्बन डायऑक्साइड. त्याला सहापट हवाही पुरते. तो अशक्त, दाबही कमी, म्हणून त्याच्या शेगडीचं जेट मोठं ठेवतात. त्याच भोकातून सिलेंडरचा गॅस सोडलात, जो तेवढ्याच घनफळाला पाचेकपट उष्णता देतो, आणि तोही सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबानं. एवढ्याला लागणारी हवा त्या बर्नरला ओढवत नाही. काजळी दिसते तरी, सोबत होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही, त्याला वासही नाही. पावसात खिडक्या लावून रांधत असाल तर तो जीवघेणा.

त्यात पितळी जेटला पोलादी पिन मारलीत. भोक आणखी वाढलं असणार.

जुगाडू_जांभा : जेट हलकं ठोकून बारीक करा. फुकटात काम.

झारीनळी : ठोकलं की भोक लांबट होतं, फवारा तिरका जातो आणि हवा ओढायची राहते. बरं, बारीक जेट नीट बसवलं तरी गोबरगॅसच्या बर्नरची छिद्रं मोठी. सिलेंडरच्या गॅसची ज्योत जास्त वेगानं पसरते, त्यामुळे मंद आचेवर ती छिद्रांतून मागे शिरून ‘फट्’ करून जेटपाशी पेटते. शेगडीच वेगळी घ्या : सिलेंडरसाठी आयएस (भारतीय मानक) ४२४६, गोबरगॅसची आयएस ८७४९. आकडा शेगडीच्या पट्टीवर असतो.

जुगाडू_जांभा : तुम्ही शेगड्या विकता का?

खाडीकाठ : नळी कुठली लावलीय? गोबरगॅसचा जुना पाइप असेल तर काढा, या गॅसनं साधं रबर खराब होतं. आयएस ९५७३ ची नारिंगी नळी, जास्तीत जास्त दीड मीटर, पाच वर्षांनी बदलायची. आणि त्याच खोलीत चूल पेटते का?

कुडाळकर_७ : पेटते. कोपऱ्यात, जमिनीलगत. भात तिच्यावरच.

खाडीकाठ : मग मोठा धोका तोच. गोबरगॅस हवेपेक्षा किंचित हलका, गळला तरी कौलांतून वाट काढतो. सिलेंडरचा गॅस हवेच्या दीड ते दोनपट जड, जमिनीवरून सरकत चुलीच्या तोंडाशी जातो. हवेत दोन टक्के झाला तरी भडकायला पुरे. चूल पडवीत न्या, भिंतीत खाली जमिनीलगत गॅस बाहेर जायला जाळी ठेवा. वास आलाच तर दिव्याचं बटण लावू नका, लागलेलं बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

शहाळं : इंडक्शन घ्या, कटकटच नको.

वेतोबाचो_भगत : आणि चतुर्थीक लाइट गेली की?

कुडाळकर_७ : नवी शेगडी उद्या आणतो. जुनी परत गोबरगॅसला लावली तर चालेल ना? तो गॅस हल्ली लागतोही भकभक करत.

झारीनळी : पिन मारलेलं जेट बदलून लावा. भकभक म्हणजे बहुतेक पाइपात वाफेचं पाणी साचलंय. पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी असते, ती उघडा. शेवटचं पाणी कधी काढलं होतं?

कुडाळकर_७ : तोटी असते?