दोन वाजता या म्हणजे सकाळी आठ!

वर साताऱ्याच्या ताईंनी विचारलंय, टांझानियात ६ महिने शाळेत शिकवायला जायचंय, तिथली रीतभात कशी असते. मी सांगलीचा, तिकडच्या एका खेड्यात ३ महिने असंच शिकवून आलोय.

आधी घड्याळ समजून घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्याच आठवड्यात मला मीटिंगसाठी 'सा म्बिली' सांगितलं, म्हणजे दोन. मी आरामात जेवून दुपारी दोनला हजर! मीटिंग सकाळी आठलाच उरकलेली. रागावलं कोणी नाही, पण दिवसभर हसत होते.

मोठ्यांना 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. आपल्या वाकून नमस्काराच्या जागी हेच. शेजारच्या आजींना मी नुसतं 'जांबो', म्हणजे साधं हॅलो, म्हणालो, तर त्यांनी असं काही बघितलं की विचारू नका.

जेवणाचं म्हणाल तर उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. उजव्या हाताने गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यातच भाजी उचलायची. चपाती नि चहा नावासकट तिथे पोचलेत. तिखट मात्र बेताचंच. मी नेलेलं भडंग पोरांनी डोळे पुसत पुसत दोन दिवसांत फस्त केलं.