मदत हवी आहे: टॉरासीचं 2015 हे वर्ष लेखात कसं मांडू?

मंडळी, अमेरिकन बास्केटबॉलपटू डायना टॉरासीच्या कारकिर्दीवर लेख लिहायला घेतलाय आणि एका वर्षापाशी गाडी अडलीये. 2004 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) पहिली निवड, शेवटपर्यंत फिनिक्स मर्क्युरी हाच संघ, तीन विजेतेपदं, सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं, 2025 मध्ये निवृत्ती. इथवर सरळ आहे.

पण 2014 चं विजेतेपद जिंकल्यावर पुढचा अख्खा मोसम ती डब्ल्यूएनबीएत (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) उतरलीच नाही! उन्हाळ्यात अमेरिका, हिवाळ्यात रशिया, शरीराला उसंत नाही. शेवटी रशियातल्या येकातेरिनबर्गच्या तिच्या क्लबनेच तिला उन्हाळाभर विश्रांतीचे पैसे दिले, तेही फिनिक्सच्या पगाराहून जास्त. (खेळू नको म्हणून मानधन! मी तर डोळेच चोळले.)

आता अडचण अशी. डब्ल्यूएनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2020 च्या सामूहिक करारात परदेशातून उशिरा परतणाऱ्या खेळाडूंना आधी दंड आणि पुढे निलंबन, असा नियम आला. तो या प्रसंगाशी जोडणं योग्य ठरेल का? की ओढूनताणून वाटेल? मला जोडावंसं वाटतंय, कारण मूळ प्रश्न दोन्हीकडे पगाराचाच दिसतो. हा करार कुणी नीट वाचला असेल, तर अनुभवी आणि नवख्या खेळाडूंना तो वेगवेगळा कसा लागू होत होता, तेही सांगा. लिंक असेल तर उत्तमच.