दीड फुटी पिंजरा ‘पुरतो’ म्हणणाऱ्यांना

शेवग्याची शेंग: काल इथे एकांनी लिहिलं, ‘कॉकाटील पोपटांची जोडी आणली, दीड फुटी गोल पिंजरा पुरतो, दुकानदारानेच दिलाय.’ तेव्हापासून डोकं फिरलंय. दुकानदाराला पिंजरा खपवायचा असतो! कॉकाटील आडवा उडतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. दोन्ही पंख पूर्ण पसरून फडफडवले तरी गजाला लागू नयेत, हे अगदी किमान. आणि सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या, गुळगुळीत का? त्याने तळपायाला जखमा होतात. पेरूच्या वेड्यावाकड्या फांद्या लावा. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी नको. पक्षी चोचीने ती कुरतडतात आणि विषबाधा होते.

सोलापुरी चादर: आमच्या आजीचा राघू पडवीत लोखंडी पिंजऱ्यात एकवीस वर्षं जगला. पेरू, मिरची, भिजवलेली डाळ खायचा, दारात कोणी आलं की ‘या, बसा’ म्हणायचा. कुणी फूटपट्टी लावली नव्हती. इथे माणसं वन आरकेत सहाजण राहतात, आणि तुम्ही पोपटाला हॉल द्यायला निघालात.

माळढोक: राघू पाळणं हा गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. ढोलीतून पिल्लं ओरबाडून आणतात, त्यातली कितीतरी बाजारात पोचायच्या आत मरतात. पिंजऱ्याची लांबी काय मोजताय? देशी पोपट पिंजऱ्यात असताच कामा नये.

सोलापुरी चादर: आजीला गुन्हेगार म्हणताय? ती जाऊन तीस वर्षं झाली. स्वतः जेवायच्या आधी राघूला भरवायची. शब्द मागे घ्या.

माळढोक: आजींबद्दल एक शब्दही बोललो नाही. पण ‘आमच्याकडे होता’ म्हणून आजही लोक चोरून विकत घेतात, त्याचा राग आहे.

कोकम आगळ: भांडण थांबवून माझं ऐका. मावशी वारली, तिचा राघू माझ्याकडे आलाय. गच्चीवरून सोडून देऊ?

माळढोक: मुळीच नको! वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला धड उडता येत नाही, कावळे टोचून मारतील. वनविभागाला कळवा, ते बचाव केंद्रात पाठवतील.

तांबडा रस्सा: मूळ विषयावर. आमचा पिंजरा चार फुटी होता, शेंगताईंच्या सगळ्या अटींत बसणारा. ठेवला होता स्वयंपाकघराच्या खिडकीत. नॉनस्टिक तवा रिकामाच गॅसवर राहिला, आम्ही फोनवर. अर्ध्या तासात दोन्ही बजरीगर, म्हणजे आमचे छोटे पोपट, तळाशी पडलेले. पक्ष्यांची फुप्फुसं तो धूर सोसत नाहीत, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. नुसत्या लांबीरुंदीवर व्याख्यान देऊ नका.

शेवग्याची शेंग: जागेबद्दल लिहायला हवं होतं, चुकलंच. स्वयंपाकघर नको, डोक्यावर पंखा नको, रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. बजरीगरसाठी गजांमधलं अंतर १२ मिमीच्या आत, नाहीतर डोकं अडकतं. पण म्हणून दीड फुटी गोल पिंजरा बरा ठरत नाही, रस्सा.

तांबडा रस्सा: तसं मी म्हणालोच नाही.

सोलापुरी चादर: पिंजरा मोठा असावा, ठीक आहे. आजीबद्दल ऐकून घेणार नाही. पण आत्ता आठवलं, आमच्या राघूच्या शेपटीची टोकं कायम तुटलेली असायची. आम्हाला वाटायचं, राघूची शेपटी तशीच असते.