टीव्ही सुरू असला की बाबांचा हिशेब चुकतो

प्रश्न (दारव्हा तालुका): सत्तरीतले माझे बाबा ठणठणीत आहेत, कापूस वेचणीच्या मजुरीचा किलोवारी हिशेब ते तोंडी करतात, पण ओसरीवर टीव्ही सुरू असला की मध्येच अडखळतात. हा स्मृतिभ्रंश समजावा का?

उत्तर १: एवढ्यावरून नाही. मानसशास्त्रज्ञ लिन हॅशर आणि रोझ झॅक्स यांनी १९८८ मध्ये मांडले की, निरोगी वार्धक्यातही नको असलेली माहिती मनाबाहेर ठेवण्याची क्षमता क्षीण होते. त्यामुळे बातम्यांतले आकडे बाबांच्या आकड्यांत मिसळत असावेत.

उत्तर २: हिशेब सकाळीच करावा, कारण त्या वेळी ज्येष्ठांचे लक्ष सहसा कमी विचलित होते. कानही तपासून घ्यावेत.

उत्तर ३: शांततेतही हिशेब चुकू लागला किंवा शेताची नेहमीची वाट चुकली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.