बसून चालवायचे लॉन मोअर एका बाजूला जास्त कापते : डेक घरी जुळवावे का? (इंदूर)

प्रश्न :
बायपासलगतच्या आमच्या सोसायटीने हिरवळीसाठी बसून चालवायचे जुने लॉन मोअर घेतले आहे. प्रत्येक पट्ट्यात डावीकडचे गवत पार भादरले जाते आणि उजवीकडचे उंच राहते. शिवाय खड्ड्यावरून जाताना सीट उसळली की इंजिन बंद पडते, म्हणून मिस्त्री सीटखालच्या स्विचच्या तारा थेट जोडून द्यायचे म्हणत आहेत. डेकची (खालच्या, पाते बसवलेल्या आवरणाची) पातळी आम्हीच जुळवू शकतो का, आणि मिस्त्रींचे ऐकावे का?

प्रतिसाद १ :
पातळी अवश्य जुळवता येईल, परंतु डेकच्या नटांना पाना लावण्याआधी चारही टायरांमधील हवा पुस्तिकेप्रमाणे भरून घ्यावी, कारण एका चाकात हवा कमी असली तरी डेक त्या बाजूला झुकते आणि मग आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. मोजमाप हिरवळीवर करू नये. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत चाक कुठे किती रुतेल याचा नेम नसतो. पार्किंगमधील सपाट फरशी उत्तम. हँडब्रेक लावून, किल्ली काढून, स्पार्क प्लगची तार सोडवून ती प्लगपासून दूर अडकवावी (दोन सिलिंडर असल्यास दोन्ही तारा), आणि जाड हातमोजे घालूनच पात्याला हात लावावा. पाते आडवे फिरवून दोन्ही टोकांचे जमिनीपासूनचे अंतर मोजावे. फरक साधारण ३ मिलिमीटरच्या आत हवा. नंतर पाते पुढे-मागे येईल असे फिरवून पुढचे टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली येईल असे जुळवावे, मात्र आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. पाते वाकलेले असल्यास हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. ते बदलावेच लागेल.

प्रतिसाद २ :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. तारांबाबत मात्र मिस्त्रींना स्पष्ट नकार द्यावा. चालवणारा सीटवरून पडला किंवा पाते फिरत असताना उतरला, तर ते थांबवण्यासाठीच तो स्विच असतो. सीटची स्प्रिंग सैल झाली आहे का, स्विचचे जोड गंजले आहेत का, हे पाहावे. बहुधा दोष तिथेच निघेल, आणि नवा स्विच काही फार महाग नसतो. जमीन खडबडीत असेल तर वेगही कमी ठेवावा. उतारावर आडवे न जाता वर-खाली चालवावे, आणि १५ अंशांहून अधिक उतार हाताने ढकलायच्या यंत्रासाठी सोडावा. डेकखाली काम करताना केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये, भक्कम स्टँड लावावेत.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. पात्याला धार लावल्यावर आणखी काही पाहावे लागते का?

प्रतिसाद १ :
तोल पाहावा. पात्याचे मधले भोक भिंतीतील खिळ्यावर अडकवावे. जी बाजू खाली झुकेल तिथून थोडे अधिक घासावे. तोल नसलेले पाते डेकच्या बेअरिंगची वाट लावते. पात्याचा बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) आवळावा.

प्रतिसाद ३ :
एक पेट्रोलचे राहिले. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर अशा अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा असते. आपल्या यंत्राची मर्यादा तपासावी. थंडीत हरळीची वाढ मंदावून यंत्र उभे राहणार असेल, तर टाकीतील पेट्रोल काढून, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन मोकळ्या हवेत चालवून मगच ठेवावे.